न्यायमूर्ती सॅम्युएल स्यूअल यांचा पश्चात्ताप

तरसालीच्या आमच्या मंडळीतील तरुण संघाने वार्षिक कार्यक्रमासाठी एक परदेशी नाटक मराठीत बसवायचे मनात घेतले. अमेरिकन नाटककार आर्थर मिलर यांचे हे नाटक, ‘द क्रूसिबल’. क्रूसिबल म्हणजे सोनाराची मूस. त्याचा पहिला प्रयोग २२ जानेवारी १९५३ रोजी न्यूयॉर्क येथे झाला. त्या काळी अमेरिकेत कम्युनिस्ट असल्याच्या नुसत्या संशयावरून माणसे नोकरीला व अब्रूला मुकत होती. मिलर यांना बोट ठेवायचे होते ते त्यावर. पण गोष्ट त्यांनी घेतली ती १६९२ सालच्या सेलम येथील प्युरिटन ख्रिस्ती वस्तीची. तेथे चेटूक केल्याच्या आरोपावरून मंडळीतल्याच माणसांना मंडळीतल्याच माणसांनी फासावर चढविले.

मकरपुऱ्याच्या कारखान्यांतून पाळी संपवून येणारी मुले शुक्रवारी रात्री जमत आणि वाचन चाले. वाचन संपले त्या रात्री शब्बाथशाळेच्या एका शिक्षिकाबाईंनी विचारले की, नाटकातल्या हेल पाळकांना तरी उपरती होते, पण न्यायाधीश शेवटपर्यंत आपलेच खरे करतात. खऱ्या न्यायाधीशांपैकी एकालाही पुढे आपली चूक कळली नाही काय? नाटकात या प्रश्नाचे उत्तर नाही. इतिहासात आहे. ज्या एका न्यायाधीशाने आपला दोष उघडपणे पदरी घेतला, तो नाटकात रंगमंचावर येतच नाही. त्यांचे नाव सॅम्युएल स्यूअल. बाईंना त्या रात्री आम्ही जेमतेम चार वाक्ये सांगू शकलो, म्हणून वाचकांपुढे त्यांचे चरित्र थोडे विस्ताराने मांडीत आहोत.

स्यूअल यांचा जन्म २८ मार्च १६५२ रोजी इंग्लंडात हॅम्पशायर परगण्यातील बिशपस्टोक येथे झाला. १६६१ साली, नऊ वर्षांचे असताना, ते आपल्या कुटुंबाबरोबर समुद्र ओलांडून मॅसॅच्युसेट्स वसाहतीत आले आणि न्यूबरी गावी वाढले. हार्वर्ड कॉलेजातून १६७१ साली ते पदवीधर झाले. पाळक होण्यासाठी पुष्कळ तरुण तेव्हा त्या कॉलेजात जात, आणि त्यांचाही ओढा तिकडे होता. पण २८ फेब्रुवारी १६७६ रोजी त्यांचा विवाह हॅना हल हिच्याशी झाला आणि आयुष्याला वेगळे वळण लागले. हॅनाचे वडील जॉन हल हे वसाहतीच्या टांकसाळीचे प्रमुख व मोठे श्रीमंत गृहस्थ. मुलीला तराजूच्या एका पारड्यात बसवून दुसऱ्यात तिच्या भारंभार चांदीची नाणी घालून त्यांनी हुंडा दिला, अशी दंतकथा पुढे पसरली. ती खरी मानण्याचे कारण नाही, पण त्या घरात पैसा होता हे खरे. स्यूअल व्यापारी झाले, वसाहतीच्या छापखान्याचा कारभार त्यांनी काही वर्षे पाहिला, राज्यपालांच्या सल्लागार मंडळावर गेले. हॅनाला चौदा मुले झाली. त्यांतली बरीच पाळण्यातच गेली.

१६७०च्या दशकात त्यांनी रोजनिशी लिहावयास घेतली, ती पन्नासाहून अधिक वर्षे चालविली. उपासनेस कोण उपदेशक होते, कोणाच्या अंत्ययात्रेस गेलो, जेवणात काय होते, कोणत्या मुलाला ताप आला, हे सारे तीत आहे. त्यांना केसांच्या टोपाची मोठी चीड होती. एखाद्या तरुण पाळकाने स्वतःचे केस कापून टोप घातला की ते त्याला जाऊन समज देत. असा हा माणूस. क्रूर नव्हे, प्रेमळ बाप, नेमाने प्रार्थना करणारा, पवित्र शास्त्र रोज वाचणारा. सेलमचे प्रकरण समजून घेताना हे ध्यानात ठेवावे असे आम्हाला वाटते, कारण फाशीच्या हुकुमाला ज्यांचा हातभार लागला त्यांत हा माणूस होता.

आता त्या प्रकरणाकडे वळू. साल १६९२. आपल्याकडे त्या वर्षी छत्रपती राजाराम महाराज जिंजीच्या किल्ल्यात वेढ्यात होते. सेलमजवळच्या खेड्यात सॅम्युएल पॅरिस या पाळकांच्या घरी त्यांची नऊ वर्षांची मुलगी बेट्टी आणि अकरा-बारा वर्षांची भाची ॲबिगेल यांना झटके येऊ लागले. अंग वाकडे होई, किंकाळ्या फुटत. वैद्याला रोग सापडेना, तेव्हा कोणीतरी चेटूक केले आहे असे ठरले आणि मुलींना नावे विचारण्यात आली. पहिली नावे आली ती तिघींची: पाळकांच्या घरची टिटुबा नावाची गुलाम स्त्री, एक भीक मागणारी बाई, आणि उपासनेस न येणारी एक आजारी बाई. ज्यांच्या बाजूने बोलायला कोणी नव्हते त्यांचीच नावे आधी आली, हे वाचकांच्या लक्षात आलेच असेल. नंतर मात्र ते लोण मंडळीच्या पहिल्या बाकापर्यंत पोहोचले. दीडशेहून अधिक माणसे तुरुंगात पडली. त्यांत सुमारे चार वर्षांची एक मुलगीही होती. तिलाही चेटकीण ठरवून बेड्या घातल्या होत्या.

राज्यपाल विल्यम फिप्स यांनी मे महिन्यात नऊ न्यायाधीशांचे खास न्यायालय नेमले. मुख्य न्यायाधीश विल्यम स्टॉटन, आणि इतर आठांत चाळीस वर्षांचे स्यूअल. त्यांचे धाकटे भाऊ स्टीफन याच न्यायालयाचे कारकून होते. गंमत अशी की, बेट्टी पॅरिसला गावाबाहेर काढून याच स्टीफन यांच्या घरी ठेवले आणि तेथे पुढे तिचे झटके थांबले. त्या गोष्टीचा अर्थ कोणी लावून पाहिला नाही.

न्यायालयात पुरावा कसला घेतला जाई, ते सांगितले पाहिजे. आरोप करणारी मुलगी म्हणे की अमक्या बाईची छाया रात्री माझ्या खोलीत आली, तिने माझा गळा दाबला. ती बाई त्या रात्री चार कोसांवर आपल्या घरी झोपलेली असली तरी उपयोग नाही, कारण आली ती छाया, आणि ती फक्त पीडितेलाच दिसते. अशा पुराव्याला उत्तर द्यायचे कसे? सैतान निरपराध माणसाचेही रूप घेऊ शकेल, असे म्हणणारे पाळक तेव्हाही होते, पण न्यायालयाने छायेची साक्ष स्वीकारली. पुढे आणखी एक विपरीत गोष्ट दिसून आली. जो गुन्हा कबूल करी आणि इतरांची नावे सांगे, त्याचा जीव सहसा वाचे. देवासमोर खोटे बोलणार नाही म्हणणारे फासावर जात.

१० जून रोजी पहिली फाशी झाली. त्यानंतर नॅथॅनिएल सॉल्टनस्टॉल या न्यायाधीशाने न्यायालय सोडले. स्यूअल यांनी सोडले नाही.

रिबेका नर्स या एकाहत्तर वर्षांच्या आजीबाई, मंडळीतल्या आदरणीय सभासद. पंचांनी त्यांना आधी निर्दोष ठरविले. तेव्हा न्यायालयात आरडाओरडा झाला, मुख्य न्यायाधीशांनी पंचांना फेरविचार करावयास सांगितले, आणि ते दोषी असा निकाल घेऊन परतले. बाईंना ऐकू कमी येत असे. पंचांनी विचारलेला एक प्रश्न त्यांना कळलाच नाही, आणि त्यांचे गप्प राहणे त्यांच्याविरुद्ध धरले गेले. ३ जुलैच्या रविवारी सेलमच्या मंडळीने त्यांना मंडळीसमोर उभे करून बहिष्कृत केले, आणि १९ जुलै रोजी त्यांना फाशी दिले. १९ ऑगस्ट रोजी नाटकाचा नायक जॉन प्रॉक्टर आणि इतर चौघे गेले. नाटकात प्रॉक्टर तिशीतला असून ॲबिगेलशी त्याचा अनैतिक संबंध दाखविला आहे. खरा प्रॉक्टर साठीचा होता आणि ॲबिगेल पोर होती. तो भाग मिलर यांच्या कल्पनेतला. त्याच दिवशी जॉर्ज बरोज या पाळकांनाही फाशी दिले. स्यूअल हार्वर्डात शिकत असतानाच बरोजही तेथे शिकत होते. गळ्यात दोर असताना त्यांनी प्रभूची प्रार्थना एकही चूक न करता म्हटली. चेटूक करणाऱ्याला ती बिनचूक म्हणता येत नाही अशी समजूत असल्याने गर्दी चुळबुळू लागली. तेव्हा घोड्यावर बसलेल्या कॉटन मॅथर पाळकांनी लोकांना शांत केले आणि फाशी पार पडली. स्यूअल यांनी त्या दिवशीच्या फाशीची नोंद रोजनिशीत केली आहे. एरवी केसांच्या टोपावर रकाने भरणारे गृहस्थ, या सबंध उन्हाळ्याविषयी त्यांनी फार थोडे लिहिले.

सप्टेंबरअखेरपर्यंत चौदा स्त्रिया व पाच पुरुष फासावर गेले. जाइल्स कोरी या वृद्धाने न्यायालयापुढे तोंड उघडण्याचे नाकारले म्हणून त्याला छातीवर दगड रचून मारले. निदान पाच जण तुरुंगातच मेले. ऑक्टोबरात राज्यपालांनी ते न्यायालय मोडले. जानेवारी १६९३ मध्ये नव्या न्यायालयाने छायेची साक्ष नाकारली आणि बहुतेक सारे सुटले. मात्र तुरुंगातला खर्च भरल्याशिवाय कोणाला घरी जाऊ देत नसत.

हे वाचून आपण त्या काळच्या लोकांना हसू नये. वडोद्याहून काही तासांच्या अंतरावर छोटा उदेपूर व दाहोदकडच्या खेड्यांत, तसेच खानदेशात नंदुरबारकडे, मूल दगावले की भुवा किंवा भगत एका बाईचे नाव घेतो, आणि डाकण म्हणून तिला मारहाण होते, गावाबाहेर घालवतात. ती बाई बहुधा विधवा असते, किंवा तिच्या जमिनीवर कोणाचा तरी डोळा असतो. महाराष्ट्राने २०१३ साली आणि गुजरातने २०२४ साली याविरुद्ध कायदे केले.

आणि खेड्यांचे तरी कशाला सांगावे? काही वर्षांमागे आमच्याच गल्लीत दोन घरांतली मुले एकापाठोपाठ आजारी पडली. प्रार्थनेसाठी बाहेरून आलेल्या एका गृहस्थांनी या गल्लीत कोणाची तरी करणी आहे असे सांगितले. नाव घेतले नाही. तरी सर्वांचे डोळे एकाच दाराकडे गेले. तेथे खानदेशातून आलेल्या, शिवणकाम करून राहणाऱ्या एक विधवा मावशी होत्या, आमच्याच मंडळीतल्या. त्या नाताळात त्यांनी नेहमीप्रमाणे घरोघर करंज्यांचे ताट पाठविले. बहुतेकांनी घेतले आणि कोणी खाल्ले नाही. आमच्या घरीही त्या करंज्या मुलांच्या हाती लागू न देता आम्ही टाकून दिल्या. करणीवर आमचा विश्वास नव्हता. उगाच कशाला, एवढेच तेव्हा मनात आले. मुलांचा आजार विषमज्वर निघाला, ती बरी झाली, आणि याविषयी मंडळीत कोणी एक शब्द काढला नाही.

स्यूअल यांच्याकडे परत येऊ. खटल्यांनंतर त्यांचे काही बिघडले नाही. मान होता, पद होते, घर होते. पण घरात दुःखावर दुःख येत राहिले. मे १६९६ मध्ये एक मुलगा मेलेलाच जन्मला. २३ डिसेंबर रोजी दोन वर्षांची साराह वारली. दुसऱ्या दिवशी, मुलीचे प्रेत घरात असताना, कौटुंबिक प्रार्थनेत अठरा वर्षांच्या थोरल्या मुलाने, सॅमने, क्रमाने आलेला मत्तयाचा बारावा अध्याय लॅटिनमध्ये वाचला. त्यातील सातव्या वचनाशी बाप थबकला. वाचकांनी ते उघडून पाहावे; निरपराध्यांना दोषी ठरविणाऱ्यांविषयी प्रभू तेथे बोलतो आहे. सेलमची आठवण आपल्या मनाला झोंबली, असे स्यूअल यांनी त्या दिवशी लिहून ठेवले. साराहला २५ तारखेला पुरले. प्युरिटन लोक नाताळ पाळीत नसत. बोस्टनात तो नेहमीसारखाच कामाचा दिवस होता.

मुलांचे मरण ही आपल्याला झालेली शिक्षा, असे त्यांना वाटले. हा त्यांचा हिशेब आम्हाला पटत नाही. सेलमच्या तुरुंगातही निष्पाप तान्ही मुले मेली. ती कोणाच्या पापापायी? पण मनाला जाग कोणत्या वाटेने येईल हे माणसाच्या हाती नसते.

वसाहतीच्या सरकारने १४ जानेवारी १६९७ हा सार्वजनिक उपासाचा दिवस ठरविला होता. बोस्टनच्या दक्षिण मंडळीत, जेथे स्यूअल अनेक वर्षे सभासद होते, सकाळी लोक जमले. पाळक सॅम्युएल विलर्ड जवळून जात असताना स्यूअल यांनी एक चिठ्ठी त्यांच्या हाती दिली. ती वाचली जाऊ लागताच ते आपल्या जागेवर उभे राहिले. सेलमच्या न्यायालयात आपण जे केले त्याचा दोष व लाज आपण आपल्या माथी घेतो, लोकांकडे क्षमा मागतो, आणि या पापाचे फळ देवाने आपल्या घरादाराला व देशाला देऊ नये म्हणून सर्वांनी प्रार्थना करावी, असा तिचा आशय होता. वाचन होईपर्यंत ते उभे होते. संपल्यावर त्यांनी मस्तक लवविले व ते बसले.

हे विलर्ड पाळक खटल्यांच्या वेळीच त्यांच्या विरोधात होते. आरोप करणाऱ्या एका मुलीने त्यांचेही नाव घेतले होते; नाव मोठे असल्याने तिला तुझी चूक झाली असे सांगून गप्प केले. आपलाच उपदेशक पाच वर्षांपूर्वी बरोबर होता आणि आपण चुकलो, हे स्यूअल यांना त्याच्याच तोंडून सर्व मंडळीत वाचून घ्यावे लागले. शेजारच्या बाकांवर त्यांचे मित्र, व्यवहारातले भागीदार, कर्जदार असणार. आम्हाला त्या चिठ्ठीपेक्षा हे उभे राहणे अवघड वाटते. चिठ्ठी घरी बसूनही लिहिता येते.

त्या सुमारास बारा पंचांनीही आपली चूक लेखी मान्य केली. मुख्य न्यायाधीश स्टॉटन यांनी मात्र कधीच खेद दाखविला नाही. नऊ न्यायाधीशांपैकी असे उघड उभे राहणारे स्यूअल एकटेच. पुढे ते दरवर्षी या पापासाठी एक दिवस उपास करीत असे सांगतात.

ज्या मावशींविषयी वर लिहिले त्या आता सुरतेजवळ उधन्याला मुलाकडे राहतात. हा लेख लिहावयास घेतल्यावर आम्ही त्यांना भेटून आलो. बोलणे सोपे गेले नाही. त्यांना सारे ठाऊक होते; कोणाकडून ताट धुऊन परत आले आणि कोणाकडून तसेच, हेही त्यांच्या लक्षात होते. आमच्याकडून धुऊन गेले होते.

स्यूअल यांचे पुढचे आयुष्य मोठे आहे. २४ जून १७०० रोजी त्यांनी गुलामगिरीविरुद्ध एक लहानसे पत्रक छापले, ‘योसेफाची विक्री’ अशा अर्थाच्या नावाचे. बोस्टनात खाऊनपिऊन सुखी असलेल्या घरी गुलाम असत, न्यायाधीशांच्या घरीही. जॉन सॅफिन या न्यायाधीशाने ॲडम नावाच्या गुलामाला मुदतीनंतर मोकळे करण्याचे वचन देऊन मोडले होते. सॅफिन यांनी स्यूअल यांना छापील उत्तर दिले, वाद पेटला, आणि १७०३ साली ॲडम मोकळा झाला. त्या पत्रकातील काळ्या लोकांविषयीची काही मते आज वाचताना खटकतात. तरी त्या प्रांतात गुलामगिरीविरुद्ध छापील आवाज उठविणारे पहिले पुस्तक ते. मूळ रहिवासी इंडियन लोकांसाठी चाललेल्या सुवार्ताकार्याचा कारभारही त्यांनी अनेक वर्षे सांभाळला. १७१८ ते १७२८ ते वसाहतीचे मुख्य न्यायाधीश होते. हॅना १७१७ साली वारली. नंतर त्यांनी दोन विवाह केले. मधल्या काळात एका श्रीमंत विधवेकडे घातलेली मागणी फिसकटली, कारण तिला त्यांनी घोडागाडी ठेवावी आणि केसांचा टोप घालावा असे वाटत होते. टोप त्यांनी शेवटपर्यंत घातला नाही.

१ जानेवारी १७३० रोजी ते वारले. त्यांचे दफन बोस्टनच्या ग्रॅनरी दफनभूमीत झाले. बोस्टनच्या विधानभवनात कायदे करणारे प्रतिनिधी जेथे बसतात, त्या दालनाच्या भिंतीवर स्यूअल मंडळीत उभे आहेत असे चित्र १९४२ साली रंगविले गेले.

मेलेल्यांच्या नावावरचा डाग पुसायला मात्र फार दिवस लागले. १७११ साली वसाहतीने बावीस जणांचे दोष रद्द करून कुटुंबांना सुमारे सहाशे पौंड भरपाई दिली. १७१२ साली सेलमच्या मंडळीने रिबेका नर्स यांच्यावरील बहिष्कार मागे घेतला. तोवर त्यांना जाऊन वीस वर्षे झाली होती. काही नावे १९५७ साली, काही २००१ साली निर्दोष झाली. एक तरीही राहिले. एलिझाबेथ जॉन्सन, वय बावीस. तिला जानेवारी १६९३ मध्ये नव्या न्यायालयाने दोषी ठरविले होते, आणि त्या न्यायालयाच्या न्यायाधीशांतही स्यूअल होते. राज्यपालांनी तिची फाशी थांबविली म्हणून ती जगली, पण दोष तसाच राहिला. तिला मुलेबाळे नव्हती, त्यामुळे तिच्यासाठी अर्ज करणारे वंशज कोणी नव्हते. शेवटी मॅसॅच्युसेट्समधील नॉर्थ अँडोव्हर गावच्या शाळेतील आठवीच्या मुलांनी आपल्या शिक्षिकेबरोबर जुनी कागदपत्रे वाचली, विधानसभेच्या सभासदांना पत्रे लिहिली, आणि २०२२ साली तिचे नाव कायद्याने निर्दोष झाले.